सिकलसेलच्या रिपोर्टमधली दोन अक्षरं

मी भिलाईजवळच्या जामुलहून बोलतोय. मागच्या वर्षी माझ्या भाचीचं लग्न ठरत होतं. मुलगी इथली, मुलगा नागपूरचा. लग्नाआधी दोघांनी सिकलसेलची तपासणी केली आणि दोन्ही रिपोर्टवर एकच शेरा आला: 'एएस'. ताई घाबरली. "अरे, दोघंही धडधाकट आहेत, मग हे काय?" तिला जे समजावलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

आपल्या लाल रक्तपेशींत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. ते फुप्फुसातला ऑक्सिजन शरीरभर पोचवतं. 1910 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. पण त्या का वाकतात, हे सूक्ष्मदर्शकातून कळण्यासारखं नव्हतं.

1945 मध्ये विल्यम कॅसल या डॉक्टरांकडून लायनस पाउलिंग यांना कळलं की, ऑक्सिजन कमी झाला की या पेशी वाकतात. पाउलिंग रसायनशास्त्रज्ञ. त्यांना वाटलं, दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूतच असावा. ते सिद्ध करायला भौतिकशास्त्रातली एक पद्धत कामी आली. प्रथिनाचं द्रावण विद्युतक्षेत्रात ठेवलं की, ज्याच्यावर जसा विद्युतभार तसं ते सरकतं. 1949 मध्ये पाउलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रुग्णाचं हिमोग्लोबिन वेगळं सरकतं, आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार सापडतात. नेहमीचं ते 'ए', सिकलचं ते 'एस'. 'एएस' म्हणजे दोन्ही असलेला वाहक. तपासणीत आजही ही पद्धत वापरतात.

पण फरक नेमका कुठे? केंब्रिजच्या कॅव्हेंडिश या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मॅक्स पेरुट्झ क्ष-किरणांनी हिमोग्लोबिनची रचना शोधत होते. तिथेच व्हर्नन इन्ग्राम यांनी या प्रथिनाचे तुकडे करून ते कागदावर पसरवले. एकच तुकडा वेगळ्या जागी गेला. 1957 पर्यंत उत्तर मिळालं: 146 अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसलं होतं. व्हॅलीन पाण्यापासून दूर राहू बघतं. ऑक्सिजन सुटला की ते शेजारच्या रेणूच्या खाचेत अडकतं, लांब तंतू तयार होतात आणि पेशी ताठरून वाकते. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि रुग्णाला असह्य वेदना होतात.

हा आजार आपल्याकडे नाही, असं समजू नका. 1958 मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतात तो असल्याचं दाखवलं. विदर्भापासून छत्तीसगडपर्यंत आदिवासी आणि इतर अनेक समाजांत तो आहे.

मग ताईला हिशेब मांडून दाखवला. दोघंही 'एएस' असले तर प्रत्येक गर्भारपणात मूल 'एए' असण्याची शक्यता चारात एक, 'एएस' असण्याची चारात दोन आणि आजारी, म्हणजे 'एसएस', असण्याची चारात एक. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून पुढचा धोका घटत नाही. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची तपासणी होऊ शकते. मूल 'एसएस' असलं तरी हायड्रॉक्सियुरिया या औषधाने पुष्कळांच्या वेदना कमी होतात. त्याने बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढतं आणि तंतू बनायला अडथळा येतो.

2023 मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. पण तपासणीला तुम्ही गेलात तरच तिचा उपयोग.

भाचीने आणि त्या मुलाने लग्न केलं. दिवस राहिले की लगेच डॉक्टरांकडे जायचं, हे दोघांनी आधीच ठरवलंय. ताई अजून काळजी करते. पण आता नेमकी कशाची काळजी करायची, ते तिला माहीत आहे.