मुहूर्त नाही, पण वेळ पाळा : मंगल परिणयाचे वेळापत्रक आणि फोटोग्राफी

बौद्ध विवाहाला मुहूर्त लागत नाही. पंचांग पाहायचे नाही, घटका मोजायच्या नाहीत. वेळ ठरवण्याचे पूर्ण स्वातंत्र्य दोन्ही कुटुंबांना आहे. तरीही पत्रिकेवर सकाळी साडेअकरा छापलेले लग्न दुपारी अडीचला लागते, हे आपण सगळेच पाहतो. खापर वरातीवर फुटते, आणि ते बरेचसे खरेही आहे. पण अलीकडे या उशिरात शूटिंगचाही वाटा असतो. वधू तयार होऊनही खोलीत तासभर फोटो चालतात आणि मंडपात वयस्कर माणसे उपाशी ताटकळतात. शेवटी घाई होते ती विधीची. बौद्धाचार्यांना 'जरा आटोपतं घ्या' असे सांगितले जाते.

फोटो नकोत, असे आमचे म्हणणे नाही. कितीतरी घरांत आजी-आजोबांचा एकत्र असा एकमेव चांगला फोटो कुणाच्या तरी लग्नातलाच असतो. प्रश्न क्रमाचा आहे. विधीची वेळ आधी पक्की करावी आणि फोटोंना तिच्या आधी व नंतर जागा द्यावी. असे केले तर विधीही शांतपणे होतो आणि फोटोही चांगले येतात.

प्रकाश पाहून वेळ ठरवा

बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या एका पत्रात बौद्ध विवाहविधी साधा असल्याचे सांगितले आहे : होम नाही, सप्तपदी नाही, वधू-वरांची वस्त्रे पांढरी. पांढऱ्या वस्त्रांचा फोटो भर दुपारी काढणे मात्र अवघड असते. डोक्यावरच्या उन्हात साडीच्या चुण्या, काठ काहीच दिसत नाही आणि डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळी दहाच्या आत किंवा सूर्यास्तापूर्वीच्या तासाभरात प्रकाश मऊ असतो. मे महिन्यात सूर्य नागपुरात पावणेसातच्या सुमारास मावळतो, मुंबईत सातच्या थोडे पुढे. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या आसपास, तर मुंबईत सहाच्या सुमारास. विदर्भ-मराठवाड्यातल्या मेच्या उन्हात दुपारचे लग्न पाहुण्यांनाही त्रासाचेच. मुहूर्ताची अडचण नाही, तर मग संध्याकाळची वेळ का धरू नये?

विधी कार्यालयाच्या आत असेल, तर स्टेजवरचे लाल-निळे दिवे तेवढा वेळ बंद ठेवायला सांगा. पांढरे कापड समोरचा रंग लगेच उचलते. साधा पांढरा उजेड पुरेसा असतो.

नमुना वेळापत्रक : मे महिना, नागपूर

- दुपारी २.३० : फोटोग्राफर हजर. तयारी, पत्रिका, प्रतिमा, सजावट यांचे फोटो.
- ३.३० : वधू-वर तयार. मेकअपला दोन तास लागणार असतील, तर सुरुवात दीडला.
- ३.४५ ते ४.३० : दोन्हीकडच्या घरच्या माणसांचे आपापले फोटो.
- ४.३० ते ५.०० : वरात. अर्धा तास, त्याहून जास्त नाही.
- ५.१५ ते ६.०० : विधी. त्रिसरण-पंचशील, वंदना, प्रतिज्ञा, पुष्पहार, मंगलगाथा.
- ६.०० ते ६.१५ : विवाह प्रमाणपत्रावर सह्या. भोजन सुरू.
- ६.१५ ते ६.४० : वधू-वरांचे बाहेरचे फोटो.
- ६.४५ पासून : स्टेजवर भेटी आणि शुभेच्छा.

डिसेंबरात हेच वेळापत्रक सव्वा तास अलीकडे घ्या. दोन टप्प्यांमध्ये दहा-पंधरा मिनिटे मोकळी ठेवा. उशीर झालाच, तर तो फोटोंच्या वेळेतून वजा करा, विधीच्या नव्हे.

स्टेजवरच्या रांगेचा हिशोब

चारशे पाहुणे चार-चारच्या गटाने स्टेजवर आले, तर शंभर गट होतात. प्रत्येकाला अर्धा मिनिट धरले तरी पन्नास मिनिटे, एक मिनिट धरले तर एक तास चाळीस मिनिटे. म्हणून भोजन या रांगेसाठी अडवू नये. वृद्ध आणि लहान मुले असलेली कुटुंबे आधी घ्यावीत. नातेवाइकांच्या गटांची यादी आदल्या दिवशी लिहून ठेवा. सगळ्यांना नावाने ओळखणारा एक मामा किंवा एक आत्या हाका मारायला ठेवली, की फोटोग्राफरचा अर्धा वेळ वाचतो. आजारी आजीचा फोटो यादीत पहिला हवा.

विधी सुरू असताना

फोटोग्राफरशी या गोष्टी आधीच बोलून घ्या. वंदना आणि प्रतिज्ञेच्या वेळी फ्लॅश नको. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर आडवे उभे राहायचे नाही, स्टेजवर चपला-बूट घालून चढायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'परत एकदा हार घाला' असे म्हणायचे नाही. प्रतिज्ञा एकदाच घेतली जाते, ती कॅमेऱ्यासाठी थांबवता येत नाही. विधीचा क्रम कागदावर लिहून दिला, तर चांगला फोटोग्राफर आधीच योग्य जागी जाऊन उभा राहतो.

या फोटोंना कागदोपत्रीही महत्त्व आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. विधी झालेलाच नसेल, तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने या कायद्याखालचा विवाह वैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली एका प्रकरणात स्पष्ट केले. नोंदणीच्या वेळी पत्रिका आणि लग्नाचा फोटो साधारणपणे मागितला जातोच. म्हणून प्रतिज्ञा, एकमेकांना पुष्पहार आणि साक्षीदारांच्या सह्या, हे तीन फोटो स्पष्ट चेहऱ्यांसह हवेतच. ड्रोनचे शूटिंग राहिले तरी चालेल.

वेळापत्रकाच्या सात-आठ प्रती काढा : बौद्धाचार्य, फोटोग्राफर, मेकअप करणारी ताई, आचारी, बँडवाले आणि दोन्ही घरांतला एकेक जबाबदार माणूस. आपल्या लग्नाला येणाऱ्यांत रोजंदारीवरची माणसेही असतात. ती अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून येतात, शेवटची एसटी गाठायची असते. पत्रिकेवर छापलेली वेळ हा त्यांना दिलेला शब्द आहे. तो पाळला, तर मंगलगाथेच्या वेळी मंडप भरलेला असेल, आणि फोटोतही तो तसाच दिसेल.