फाटलेला स्पीकर आणि रफूचा हिशेब

आमचा धंदा कापडाचा. मलकापूर, नांदुरा, खामगाव या महामार्गाच्या पट्ट्यात आठवडी बाजारांना माल न्यावा लागतो, म्हणून एक जुनी गाडी ठेवली आहे. मागील उन्हाळ्यात माल भरताना ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची नळी मागच्या स्पीकरवर आदळली व त्याचा कागदी पडदा दोन बोटे फाटला. आवाज फडफडू लागला. आम्ही झटपट चिकटणारा गोंद लावला. तो कडक झाला आणि चार दिवसांत शेजारीच नवी चीर पडली. दुकानदार म्हणाले, "फेका, नवा घ्या."

शेवटी टेपरेकॉर्डर दुरुस्तीत हात बसलेल्या एका कारीगर भाईकडे गेलो. तो हसून म्हणाला, "चाचा, तुम्ही कापडवाले. रफू करताना दोरा ताणता का? हेही तसेच आहे."

स्पीकरची ही रचना जुनी आहे. 1925 साली अमेरिकेत चेस्टर राईस व एडवर्ड केलॉग यांनी ती मांडली. लोहचुंबकाच्या फटीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. ते मागेपुढे हलते व पडद्याला हलविते. पडद्याची बाहेरची कड रबर, फोम किंवा कापडाची असते. वेटोळे मधोमध धरणारी चुण्यांची चकतीही बहुधा राळ पाजलेल्या कापडाचीच. म्हणजे आमच्या मालाशी तिचे नाते आहेच!

दुरुस्तीपूर्वी परीक्षा करावी. दोन्ही हातांच्या बोटांनी पडदा सारखा व हलका दाबावा. आत घासल्याचा आवाज आला तर वेटोळे सरकले वा जळले असे समजावे. मीटर लावल्यास 4 ओहमचा स्पीकर साधारण 3 ते 4 च्या दरम्यान आकडा दाखवितो. आकडाच आला नाही तर तार तुटली. मग पडदा चिकटवून उपयोग नाही.

पडदाच फाटला असेल तर काम सोपे. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी. लोखंडाचा कीस जवळ येऊ देऊ नये, चुंबक तो ओढून घेतो. फाटलेल्या कडा कापू नयेत, जागेवर बसवाव्यात. पतंगाचा पातळ कागद हाताने फाडून घ्यावा. कात्रीची सरळ कड उठून दिसते, फाडलेली मिसळून जाते. ठिगळ चिरेपेक्षा चोहोबाजूंनी सुमारे 1 सेंटिमीटर मोठे असावे. पांढऱ्या गोंदात थोडे पाणी घालून मागून चिकटवावे, गरज पडल्यास पुढूनही. गोंद थोडाच लावावा, कारण पडदा जड झाला की आवाज बदलतो. सावलीत 24 तास वाळू द्यावे व प्रथम हळू आवाजात वाजवावे. दारातल्या स्पीकरला पावसाचा ओलावा लागतो, तेथे पाण्याला टिकणारा गोंद घ्यावा.

रबरी कडेला मात्र हा गोंद चालत नाही. तेथे लवचिक रबरी गोंद हवा. प्लास्टिकच्या पडद्यावर पांढरा गोंद धरत नाही. फोमची कड भुरभुरली असेल तर ठिगळ न लावता कडच बदलावी आणि वेटोळे बरोबर मध्यावर बसवूनच चिकटवावी.

आता धंद्याची गोष्ट. त्या भाईकडे गिऱ्हाईक कमी झाले होते व तो टेबल उचलण्याच्या विचारात होता. आमच्या समोरच एक जीपवाला जळलेला स्पीकर घेऊन आला. पैशाची गरज असूनही भाईने, "यात पैसे घालू नका," असे सांगून त्याला परत पाठविले. पुढच्या आठवड्यात तोच जीपवाला आणखी दोघांना घेऊन आला. कागद व गोंदाचा खर्च किरकोळ. मजुरी आहे ती हाताच्या हुन्नराची आणि खऱ्या शब्दाची. त्याचे टेबल अजून तेथेच आहे, आणि आमचा स्पीकरही वाजतो आहे.