परभाषेतले पाहुणे : डेडपॅन

वादळात दुमजली घराची दर्शनी भिंत अख्खीच्या अख्खी सुटते आणि खाली उभ्या असलेल्या माणसावर आदळते. तो वाचतो, कारण वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या अंगावरून खाली उतरते. त्याच्या चेहऱ्यावर मात्र ना किंकाळी, ना सुटकेचा आनंद. ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ या १९२८ सालच्या मूकपटातला हा प्रसंग, आणि तो माणूस म्हणजे बस्टर कीटन. भिंत खरीखुरी वजनदार होती. खिडकीची चौकट आणि कीटन यांच्यात अंतर होतं जेमतेम काही इंचांचं.

डेडपॅन म्हणतात ते हेच. अमेरिकी बोलीत ‘पॅन’ म्हणजे थोबाड; ‘डेड’ लागलं की मख्ख थोबाड. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाटक-सिनेमावाल्यांच्या तोंडी हा शब्द रुळला.

कीटनला हे शिक्षण लहानपणीच मिळालं होतं. आईवडिलांबरोबर तो ‘द थ्री कीटन्स’ या नावानं रंगमंचावर यायचा. वडील त्याला चक्क उचलून फेकायचे. धरायला सोयीचं म्हणून पोराच्या कपड्यांना पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली असे! आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात, हे त्या पोराच्या लवकरच ध्यानात आलं. पुढे जगानं त्याला ‘ग्रेट स्टोन फेस’ म्हटलं. हे नाव थोडं अन्यायाचंच आहे. त्याचे डोळे नीट पाहिले तर त्यांत धांदल, आशा, हिशेब सगळं दिसतं. नसतो तो फक्त ‘बघा, मी कशी गंमत केली’ हा भाव.

हा प्रकार नुसत्या आवाजानंही साधतो. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या वजनदार कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधल्या स्पॅगेटीच्या हंगामावर एक वृत्तांत दाखवला गेला. बायका झाडांवरून लोंबणारी स्पॅगेटी तोडून टोपल्यांत भरत होत्या. हिवाळा सौम्य गेला, स्पॅगेटीवरची कीडही जवळपास नाहीशी झाली, म्हणून यंदा पीक जोरात, असं निवेदन चाललेलं. निवेदक होते रिचर्ड डिम्बलबी, राणीच्या राज्याभिषेकाचं समालोचन करणारे. त्यांच्या आवाजात तसूभरही फरक नव्हता. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये स्पॅगेटी फारशी घरोघरी पोचलेली नव्हती. हे झाड कुठं मिळेल, अशी चौकशी काही प्रेक्षकांनी खरोखरच केली. हीच बातमी कुणी गालातल्या गालात हसत वाचली असती, तर एवढी फसगत झाली नसती आणि एवढी मजाही आली नसती.

मराठीत याचा उत्तम नमुना म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा चित्रपट. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप. आणि त्यावर गंभीरपणे खटला चालतो. सरकारी वकीलबाई कायद्यांचे जुनेपुराणे लांबलचक उतारे एका सुरात वाचत राहतात. एका महिलेनं बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण ऐकायलाच नकार देतात. यात विनोद आहे, असं ना पात्रं सुचवतात, ना कॅमेरा. तो दूर उभा राहून फक्त बघत असतो. आपण हसतो आणि मग हसल्याची जरा लाजही वाटते.

आता वापराविषयी. ‘तिनं डेडपॅन चेहऱ्यानं उत्तर दिलं’ किंवा ‘त्याचा विनोद डेडपॅन असतो’, ही दोन्ही वाक्यं चालतील. पत्ते खेळताना चेहरा मख्ख ठेवला तर तो पोकरफेस. तिथं पानं लपवायची असतात, हसवायचं नसतं. आणि नटाला भावच दाखवता येत नसतील, तर त्याच्या अभिनयाला डेडपॅन म्हणू नये. त्यासाठी आपला ‘ठोकळा’ पुरेसा आहे.