न येणाऱ्या दातामागे दडलेली गाठ

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जुलै २०१४ मध्ये विदर्भातील एका किशोरवयीन मुलाच्या खालच्या जबड्यातून २३२ दात काढण्यात आले. शस्त्रक्रिया सुमारे सात तास चालली. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, चेन्नईतील सात वर्षांच्या एका मुलाच्या जबड्यातून ५२६ दात निघाल्याचे वृत्त आले. हे आकडे ऐकून कोणीही थक्क व्हावे; परंतु ज्या विकारामुळे हे घडले, तो दंतवैद्यकाला मुळीच नवा नाही. त्याचे नाव ओडोंटोमा. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी एकोणिसाव्या शतकातच हा शब्द रूढ केला.

दात तयार होताना त्यावरचे कठीण इनॅमल, आतील डेंटिन आणि गाभा यांची रचना ठराविक क्रमाने होते. हा क्रम बिघडला, की त्याच पेशी जबड्याच्या हाडात भलत्याच जागी दाताचा मालमसाला रचू लागतात. कधी त्यातून तांदळाच्या दाण्यांएवढे, पण दातासारखेच दिसणारे अनेक कण तयार होतात. हा प्रकार बहुधा वरच्या जबड्यात, पुढच्या बाजूस आढळतो. कधी मात्र सर्व घटक एकमेकांत मिसळून ओबडधोबड गोळा बनतो. तो प्रामुख्याने मागील दाढांच्या भागात असतो. हा बिघाड का होतो, याचे निश्चित कारण सापडलेले नाही. लहानपणी लागलेला मार, जंतुसंसर्ग किंवा आनुवंशिकता यांकडे बोट दाखविले जाते. गोड खाण्याशी मात्र त्याचा संबंध नाही.

ही गाठ कर्करोगाची नसते आणि सहसा दुखतही नाही. नेमकी हीच अडचण आहे. दुखत नाही म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही, आणि गाठीखाली अडकलेला पक्का दात वर येऊ शकत नाही. वरचे पटाशीचे दात साधारणतः सातव्या-आठव्या वर्षी, तर सुळे अकराव्या-बाराव्या वर्षी येतात. एका बाजूचा दात येऊन सहा महिने लोटले तरी दुसऱ्या बाजूची जागा रिकामी असेल, अथवा दुधाचा दात पडण्याचे नावच घेत नसेल, तर 'येईल उशिरा' असे म्हणून थांबणे बरे नव्हे. साध्या एक्स-रेतही ही गाठ पांढऱ्या ठिपक्यांच्या पुंजक्यासारखी बहुधा दिसते.

उपचार शस्त्रक्रियेचा. गाठ सभोवतालच्या आवरणासह काढली जाते आणि ती पुन्हा उद्भवणे विरळाच. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेणे आवश्यक असते, कारण जबड्यातील काही आक्रमक गाठी वरकरणी अशाच भासतात. अडकलेल्या दाताचे मूळ पूर्ण वाढलेले नसेल, तर वाट मोकळी होताच तो पुष्कळदा आपणहून वर येतो. उशीर झाल्यास त्याला तारांच्या साहाय्याने ओढून आणावे लागते. काही वेळा तो काढूनच टाकावा लागतो.

चेन्नईच्या मुलाच्या गालावरील सूज आई-वडिलांना तो तीन वर्षांचा असतानाच दिसली होती. परंतु ती लहान होती आणि मूल तपासणी करू देत नव्हते. शस्त्रक्रियेपर्यंत चार वर्षे गेली. काढलेली गाठ सुमारे २०० ग्रॅम वजनाची होती. तोंडातील २१ दात मात्र शाबूत राहिले.