लेकीचा हट्ट

२३ डिसेंबर २०१६ रोजी ‘दंगल’ प्रदर्शित झाला. हरियाणातील महावीरसिंह फोगाट आणि त्यांच्या कुस्तीगीर कन्या गीता व बबिता यांची ही कथा घरोघरी पाहिली गेली. मात्र बहुतेकांच्या स्मरणात राहिला तो वडिलांचा निर्धार. मुलींची बंडखोरी विनोदाचा भाग म्हणून विसरली गेली. वास्तविक कथेचा कणा तीच आहे.

गीता दोनदा बंड करते. पहिले बंड लहानपणीचे. पहाटेचा सराव टाळण्यासाठी दोघी बहिणी नाना युक्त्या योजतात. कोवळ्या वयात बोहल्यावर चढलेल्या मैत्रिणीचे बोल ऐकल्यावर ते बंड आपोआप शमते. दुसरे बंड पतियाळाला गेल्यानंतरचे. ती केस वाढवते, नवे डाव शिकते आणि घरी येऊन वडिलांनाच हरवते. पुढे परतते, तीही स्वतःच्या पराभवातून शिकून. अंतिम कुस्तीच्या वेळी वडील तेथे नसतात. हा प्रसंग पटकथेतला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतील गीताची अंतिम लढत प्रत्यक्षात एकतर्फी झाली होती. तरी त्या कल्पित प्रसंगाचा आशय खरा आहे. शिकवण वडिलांची असली तरी डाव लेकीलाच टाकावा लागतो.

चित्रपट लागून महिना होण्यापूर्वीच, १५ जानेवारी २०१७ रोजी, परभणीच्या ज्योती गवते यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक पटकावला. ४२.१९५ किलोमीटरला त्यांना २ तास ५० मिनिटे ५३ सेकंद लागले. २०१८, २०१९ आणि २०२० या तिन्ही वर्षी त्या सुधा सिंग यांच्या मागे दुसऱ्या आल्या. परंतु २०१९ ची त्यांची वेळ होती २ तास ४५ मिनिटे ४८ सेकंद. म्हणजे पहिल्या आल्या त्या वर्षापेक्षा, दुसऱ्या आल्या त्या वर्षी त्या पाच मिनिटे अधिक वेगाने धावल्या. व्यापारी कुटुंबाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. बाजारभाव आपल्या हाती नसतो, मालाचा कस असतो.

जिंतूर, सेलू, मानवतच्या पेठांतील घरांतही मुली आज मैदानावर जातात. नववी-दहावी आली की शिकवणी, लोकापवाद आणि पुढे येणारी स्थळे यांचा विचार सुरू होतो आणि ‘आता पुरे’ असे सांगितले जाते. मुलगी अबोला धरते, उलट बोलते. घर त्याला उद्धटपणा म्हणते. तो केवळ शब्दांचा हट्ट आहे की कोणी न उठवता हिवाळ्यातही पहाटे उठण्याचा, हे आधी पाहावे. दुसऱ्या प्रकारच्या हट्टाला पत असते. उलटपक्षी मुलीला खेळ नकोच असेल, तर वडिलांचे अपुरे राहिलेले स्वप्न तिच्या नावे टाकणेही रास्त नव्हे.

परीक्षेच्या वर्षी सराव दोन तासांवरून एका तासावर आणता येतो. एकदा बंद पडलेला सराव पुन्हा उभा करणे मात्र कठीण. म्हणून निर्णय सुनावण्यापूर्वी लेकीला शेजारी बसवून विचारावे आणि तिचे बोलणे संपेपर्यंत मध्ये बोलू नये.