वाळका देह आणि 'श्रीमंतांचा रोग'

माझे वडील जळगावच्या बाजारात हमाली करीत. हाडांवर कातडे ताणलेला देह. पायाची जखम तीन महिने भरेना, तेव्हा एका दवाखान्यात त्यांना ऐकवले गेले, 'असल्या वाळक्या माणसाला साखर कुठली? तो श्रीमंतांचा रोग.' साखर होतीच. ती कळेपर्यंत पायाचा अंगठा गेला.

हा समज आपल्या वस्त्यांतही पक्का आहे, म्हणून तो तपासला पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने टिकून. रक्तातली साखर मुख्यतः स्नायू वापरतात, आणि पोटातली चरबी इन्शुलिनचे काम अडवते. वजनकाट्याला हा भेद कळत नाही. म्हणजे आईच्या उपासमारीचा हिशेब लेकराला चाळिशीत चुकवावा लागतो.

त्यात आजचे ताट. खानदेशात कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असे. आता मजुराच्या वाट्याला रेशनचा गहू-तांदूळ, वडापाव आणि गोड चहा. पोट भरते, स्नायू भरत नाहीत.

याच भुकेचे दुसरे टोक म्हणजे क्षय. मधुमेह असला तर त्याचाही धोका वाढतो. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांना औषधाबरोबर दरमहा शिधा दिला गेला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलोच्या माणसाला हे फक्त दोन किलो! क्षयरुग्णाला पोषणासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देई. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ते वेळेवर हातात पडतात का, हे कार्यकर्त्यांनी घरोघर विचारावे.

तेव्हा 'कमी खा' हा सरसकट उपदेश आपल्या कामाचा नाही. प्रश्न डाळीचा, अंड्याचा, मांसाचा, म्हणजे मजुरीचा आहे. तोवर एवढे तरी करू : जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत वजनकाट्याबरोबर टेप नेऊ. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर असेल, तर माणूस सडपातळ दिसला तरी साखर तपासायला पाठवू. भरत नसलेली जखम असेल, तर कंबर न मोजताच.