फिरता टेलिफोन कशास म्हणावें?

आमच्या संगमेश्वरच्या घरीं पूर्वीं माजघराच्या दारापाशीं तारेचा टेलिफोन असे. मुंबईहून मुलाचा फोन आला कीं सारें घर भोंवतीं जमे. पुढें बिनतारी हातयंत्र आलें. तें कानाशीं धरून आत्याबाई बोलत बोलत परसांतील विहिरीकडे निघाल्या, तों शब्द तुटूं लागले. "फिरता म्हणून आणलात, आणि ही तर लांब दाव्याची गाय!" असें त्या चिडून म्हणाल्या. आम्ही हंसलों खरे. पण मथळ्यांतील प्रश्नाचें अर्धें उत्तर त्यांत होतें.

तार गेली म्हणजे यंत्र फिरतें झालें, असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः त्या हातयंत्राची तार घरांतील पेटीपर्यंत शाबूत असते. पुढचीं चार पावलें तेवढीं हवेंतून होतात. मोटारींतला टेलिफोन तर १९४६ सालींच अमेरिकेंतील सेंट लुई शहरांत सुरू झाला होता. परंतु एका मोठ्या केंद्रावर सारी भिस्त, मार्ग मोजके, आणि त्या टापूबाहेर मोटार गेली कीं संभाषण संपलें. दावें लांबलें, एवढेंच.

खरी युक्ति १९४७ मध्यें बेल प्रयोगशाळेंतील डी. एच. रिंग यांनीं मांडली. मोठा प्रदेश लहान लहान घरांत विभागावा, आणि एका घरांतील रेडिओलहरी दूरच्या घरांत पुन्हां वापराव्या, अशी ती कल्पना. पुढें तिला हस्तांतराची जोड मिळाली. संगमेश्वराहून चिपळूणकडे निघालेल्या एस्. टी.मध्यें कोणी बोलत असेल, तर आरवली जाते, सावर्डें जातें, वाटेंत मनोरे बदलतात. शिमग्यांत ग्रामदेवतेची पालखी खांदे बदलते पण भुईस टेंकत नाहीं, तसें तें संभाषण या मनोऱ्याकडून त्या मनोऱ्याकडे जातें. बोलणें चालूं नसतांनाहि यंत्र आपला ठावठिकाणा कळवीत असतें. म्हणूनच घंटा नेमकी त्या खिशांत वाजते.

यंत्र फिरूं शके, पण कायदा फिरूं देईना, असाहि काळ आपल्या देशांत होऊन गेला. तारेचा टेलिफोन देणाऱ्या कंपन्यांना सरकारनें २००१ मध्यें शेवटचा टप्पा बिनतारी करून ग्राहकास हिंडूं देण्याची मुभा दिली. ती मात्र कमी अंतराच्या एका आकारणी-क्षेत्रापुरती. अशीं क्षेत्रें देशांत २,६०० हून अधिक, पुष्कळदां तालुक्याएवढीं. ०२३५४ हा संगमेश्वर-देवरुखचा आंकडा, ०२३५५ चिपळूणचा. म्हणजे त्या नियमानें देवरुखापर्यंत टेलिफोन फिरता, आणि चिपळुणांत शिरतांच मुका! ही मुभाहि भ्रमणध्वनीच्या कंपन्यांना सलली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर नोव्हेंबर २००३ मध्यें सामाईक परवान्याचें धोरण आलें आणि ती वेस मोडली.

आमच्या मतें उत्तराचा उरलेला अर्धा भागहि आत्याबाईंपाशींच आहे. तारेच्या टेलिफोनवर आपण घरास हांक मारीत असूं, ओ कोण देईल याचा नेम नसे, म्हणून पहिला प्रश्न "कोण बोलतंय?" असा. आतां हांक थेट माणसास जाते. साऱ्या घरानें मिळून ऐकावयाचें बोलणें त्यामुळें संपलें, याची आम्हांस खंत वाटते. पण माजघरांत उभें राहून, दहा कानांसमोर माहेरीं बोलणाऱ्या सुनांना विचारलें तर त्या वेगळेंच सांगतील.

आत्याबाई हल्लीं मुंबईस फोन लावतात, तेव्हां आधीं विचारतात, "कुठें आहेस रे?" आणि मग, "जेवलास का?"